नीमाचं बॉनेट

टीचर काळा रंग कधी ट्यूबमधून घ्यायची नाही. माणसाची कातडी रंगवायची म्हटलं की निळा, तांबडा, तपकिरी घोटत बसायची आणि त्यातून तिला हवा तो काळा काढायची. मी पहिल्यांदा तिच्यासमोर बसले तेव्हा आपल्या सवयीने म्हटलं, "टीचर, मला जरा उजळ काढ हं." ती इतकी हसली की हातातला ब्रश खाली पडला. "भाभी, मी स्वतः एवढी काळी, आणि तू माझ्याकडे गोरेपणा मागतेस? तो माल नाही माझ्या दुकानात!" आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं, आणि तिची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती.

अबू हलीफात ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मोंबासाहून कुवेतला आली ती घरकामाला. रुमैथियातल्या एका घरात तिने भांडी घासली, दोन मुलं वाढवली. त्या मुलांना शाळेची चित्रं काढून देता देता त्यांच्या आईच्या लक्षात आलं की या बाईच्या हातात काहीतरी आहे. तिनेच खटपट करून हिला एका शाळेत चिकटवलं; आधी मदतनीस, मग चित्रकलेची शिक्षिका. तरी आमच्याच काही बायका लिफ्टमध्ये तिच्यापासून अंग चोरून उभ्या राहायच्या. ती मुद्दाम प्रत्येकीला नावाने हाक मारून 'कशी आहेस' विचारायची.

तिचं खरं काम शुक्रवारी. सुट्टी मिळालेल्या घरकामाच्या बायका तिच्याकडे यायच्या, इथिओपियाच्या, श्रीलंकेच्या, आपल्या आंध्रच्या, आणि ती त्यांची चित्रं काढायची, तीही मोटारीच्या बॉनेटवर. आमच्या ह्यांचं शुवैखला गॅरेज आहे. तिथली भंगारात निघालेली बॉनेटं हे तिला आणून द्यायचे. त्यांचे पोचे ती काढू द्यायची नाही. पोच्यावरून बोट फिरवायची आणि कुणाचा खांदा, कुणाची दुखरी कंबर नेमकी तिथे बसवायची. "लागलेला मार लपवायचा नाही," म्हणायची. अंगावरचे कपडे मात्र बाईने सांगायचे: गावी परत जाशील त्या दिवशी काय घालशील, ते. खाली नावही त्या बाईनेच लिहायचं. दिवसभर नुसत्या 'ए' म्हणून हाका ऐकणाऱ्या त्या बायका आपलं नाव लिहायला केवढा वेळ लावायच्या!

शुवैखच्या एका रिकाम्या गोदामात तिचं प्रदर्शन झालं, तेव्हा बडी बडी मंडळी दारात ताटकळली. आधी त्या बायका आत जातील, असा टीचरचा हट्ट. मीही माझ्या बॉनेटशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. उजळ नव्हतेच, पण काय दिसत होते मी!

फोटोवरून मात्र ती चित्र काढायची नाही. समोर माणूस बसायला हवा. हाच नियम तिला नडला. तिची मुलगी नीमा मोंबासाला आजीकडे होती. टीचर निघाली त्या दिवशी ती पोर टॅक्सीमागे धावली, पडली, भुवईवर खोक पडली. टीचरने मागच्या काचेतून ते पाहिलं आणि टॅक्सी थांबवली नाही. "थांबले असते तर गेलेच नसते, भाभी." मोठी झालेली नीमा तिचा फोन घेत नसे. डाव्या बाजूला वर पोचा असलेलं एक बॉनेट टीचरने भिंतीशी कोरंच ठेवलं होतं. नीमा येईल, समोर बसेल, मग काढीन, म्हणायची. त्याला कुणी धक्का लावलेला तिला खपायचं नाही.

मग पोटाचं दुखणं निघालं. ती इस्पितळात असताना आमच्या ह्यांना वाटलं, ती घरी येईल तेव्हा तिला काहीतरी छान दिसावं. कुणाला न सांगता त्यांनी ते बॉनेट गॅरेजात नेलं, पोचा ठोकून सपाट केला, वर पांढराशुभ्र स्प्रे मारला. घरी आलेल्या टीचरला कौतुकाने म्हणाले, "बघा, अगदी शोरूममधलं!" तिने तळहात पत्र्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग ह्यांचा हात धरून म्हणाली, "चांगलं केलंत, भाई. भरली तिची जखम." हे खूश झाले. घरी आल्यावर मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा ताटावरून उठले.

टीचर त्यानंतर फार दिवस जगली नाही. आईचा देह गावी न्यायला नीमा आली. तीच उंच मान, भुवईवर तो व्रण. टीचरच्या घरात भिंतीभर उभ्या चित्रांतल्या बायकांकडे बघत तिने इंग्रजीत विचारलं, "यात मी कुठे आहे?"

मी तिला त्या पांढऱ्या बॉनेटपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. टॅक्सी, मागची काच, पोचा, आणि ह्यांनी तो काढला तेही. बायका बसायच्या त्याच खुर्चीत ती बसली.

"मला वाटायचं, तिने बघितलंच नाही," ती म्हणाली. मग दारात उभ्या ह्यांच्याकडे वळली. "कुठे होता तो? परत पाडा."

आयुष्यभर पोचे काढलेल्या माणसाने समोरच्या आमच्या घरून हातोडी आणली. तिच्या कपाळाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं आणि डोळे पुसत घाव घातला. रंगाचे टवके उडाले. नीमाने त्या खळग्यात बोट ठेवलं आणि ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली.

जायच्या आधी तिने आईचा ब्रश घेतला आणि कोऱ्या बॉनेटच्या खाली आपलं नाव लिहिलं. फार वेळ लावला तिने.