फोनवर घेतलेला पदर

माझ्या पहिल्या नोकरीची मुलाखत मी डोक्यावर पदर घेऊन, नुसती मान हलवून दिली. मुलाखत फोनवर होती.

हसा. माझ्या नातीही हसतात. पण मी वांगणीकडच्या खेड्यात वाढलेली, बुवापाड्यात दिलेली बारावी पास सून. सासऱ्यांनी काही विचारलं की मान हलवायची, तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अंबरनाथच्या एका कारखान्यात फोनवर ऑर्डरी घ्यायला बाई हवी होती, म्हणून साहेबांना आधी आवाज ऐकायचा होता. आमच्या ह्यांची कंपनी सहा महिने बंद. ही नोकरी मिळायलाच हवी होती. आणि फोनवर आला तो थेट सासऱ्यांसारखा घोगरा आवाज. "हिंदी येतं ना?" हात आपोआप पदराकडे गेला, मी जोरात मान डोलावली. तीन प्रश्नांना तीनदा. मग फोन कट झाला.

फोन होता दादीचा. उल्हासनगरला तिच्या घरी आम्ही बायका पापड लाटायला जायचो. घरात फोन नसलेले लोक अर्जावर शेजाऱ्याचा नंबर पीपी म्हणून द्यायचे, तसा मी तिचा दिलेला. दादी म्हणजे आजी नव्हे; सिंध्यांत मोठ्या बहिणीला, मानाच्या बाईला दादी म्हणतात.

मी कुजबुजले, "दादी, लाइन खराब होती असं सांगा ना."

"लाइनीला कशाला बदनाम करते?" म्हणत तिने स्वतः कारखान्यात फोन लावला. "साब, लाइन एकदम अच्छी है. लड़की मुंडी हिला रही थी. आठ दिन दो, बोलेगी." साहेब बहुधा हसले असावेत. आठ दिवस मिळाले.

दादीच्या दारात मीटर बघणारा येवो की भांडायला शेजारीण, आधी पापड आणि पाणी, मग बोलणं. "सुक्या तोंडातून खरं निघत नाही," म्हणायची. माझी शिकवणीही पापडानेच सुरू व्हायची. मग ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड बसायची आणि मी अलीकडे, कानाला लाटणं लावून.

"हॅलो, माल तुटका आला. पाच पेट्या फेकून देऊ?" पडद्यामागून दादी गरजायची.

मी मान डोलवायची.

"मुंडी मत हिला, बोल."

तिला दिसायचं कसं, हे कोडं मला चार दिवस सुटलं नाही. मग कळलं, मान हलली की माझे झुमके लाटण्यावर वाजायचे. पाचव्या दिवशी मी झुमके काढून ठेवले. तरी तिने ओळखलंच.

आठव्या दिवशी मी लग्नातला शालू नेसून गेले. दादीने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साब को फोन में दिखेगी?" बाकीच्या बायका लाटणी टाकून खिदळल्या. तेवढ्यात घंटी वाजली.

साहेबांनी विचारलं, "गिऱ्हाईक शिव्या द्यायला लागलं तर?"

पदर जागच्या जागी राहिला. "देऊ द्या, साहेब. दमलं की विचारेन, किती पेट्या पाठवू?"

पलीकडून आलं, "सोमवारी या."

त्या खुर्चीवर मी पुढे खूप वर्षं बसले. भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प केलं. सासरेही शेवटी शेवटी म्हणायचे, सूनबाई, जरा हळू.

दादीला तिचा मुलगा इंदूरला घेऊन गेला. एकदा दुपारी कारखान्यात फोन वाजला. तिचा मुलगा होता. म्हणाला, आईची तब्येत ठीक नाही, तिला दोन शब्द बोलायचेत. मग दादीचा आवाज आला, जुन्या मलमलीसारखा विरलेला. "काय गं, आता पापड कोणाचे खाते?"

दिवसभर बोलून पोट भरणारी मी. रिसीव्हर कानाला धरून नुसती मान हलवत राहिले. झुमके घालणं तर मी कधीच सोडलं होतं. तरी दादी म्हणाली, "मुंडी मत हिला, बोल."