नसरीन गाडीतच होती

अमोलचा फोन आला तेव्हा मी मुरुडला भावाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "सुनंदाताई, नसरीन गेली. पहाटे, झोपेतच..." एवढं बोलून तो थांबला. "त्रास झाला का तिला?" मी विचारलं. "नाही. अब्बांनी हाक मारली तेव्हा कळलं." फोन ठेवला आणि आधी रडू आलं नाही, आधी सुटल्यासारखं वाटलं. तिचं दुखणं ज्यांनी जवळून पाहिलं त्या सगळ्यांना तसंच वाटलं असेल. परक्या गावात, दवाखान्याच्या खोलीत नळ्या लावून आपला शेवट होऊ नये, एवढंच ती मागत होती. ते तिला मिळालं. रडू नंतर आलं, लातूरच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून बसले तेव्हा.

आमची कंपनी लातुरात, एका अभ्यासिकेच्या वर, दोन खोल्यांची. खाली पोरं परीक्षांची तयारी करतात म्हणून जिन्यात मोठ्यानं बोलायची सोय नाही. वर आम्ही शाळेच्या गाड्यांसाठी मोबाइलचं ॲप करतो. लेकरू गाडीत चढलं, उतरलं की आईबापाला मेसेज जातो. अमोल आमचा मालक, पण वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. पालकांचे फोन घ्यायचे हे माझं काम. आणि नसरीन शेख क्वालिटी इंजिनिअर, म्हणजे पोरांनी केलेलं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते कुठं फसतं हे शोधणारी. नांदेडला शिकली, हैदराबादला मोठ्या कंपनीत लागली, आणि आई गेल्यावर अब्बा एकटे पडले म्हणून परत आली. पहिल्याच दिवशी तिनं ॲप उघडलं, मध्येच मोबाइलचं नेट बंद केलं, पुन्हा चालू केलं, बोट पाण्यात बुडवून बटण दाबलं. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. "पावसाळ्यात ड्रायव्हरमामांचा हात कोरडा कुठं असतो?" ती म्हणाली आणि पुन्हा बोट बुडवलं.

तिच्या अब्बांचं गंजगोलाईजवळ शिलाईचं दुकान. मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले की ते मशीन थांबवून हळूच विचारायचे, "बाई, आमची नसरीन तिथं नेमकं काय करती? दिवसभर लोकायच्या चुका काढती म्हनं." मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "आसं करून लोकायला नकोशी व्हईल की. चुका काढनाऱ्याला कोन जीव लावतंय?" लेकीचं लग्न झालं नाही याच्यापेक्षा याचीच त्यांना जास्त काळजी होती असं मला वाटायचं. मी काहीतरी बोलून त्यांची समजूत घालायचे, पण ती त्यांना पटायची नाही.

खरं म्हणजे त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. एका मोठ्या शाळेचं काम मिळालं होतं, सोमवारी सुरुवात करायची ठरली होती. ते काम गेलं असतं तर कंपनीला टाळं लागलं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि नसरीन ऐनवेळी म्हणाली, "मला अजून एकदा गाडीत बसून बघायचंय." अमोल वैतागला. "आता काय राहिलंय बघायचं?" ती तशीच निघून गेली. ॲपमध्ये तिनं स्वतःचंच नाव विद्यार्थिनी म्हणून घातलं, पालकाच्या जागी स्वतःचाच नंबर दिला, आणि शाळा सुटल्यावर त्याच शाळेच्या बळीराममामांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी मुरुडच्या बाजूच्या गावांना जायची. त्या रस्त्याला मध्ये नेट जातं, हे मला माहेरच्या वाटेमुळे ठाऊक होतं.

दुपार कलत आली होती तेव्हा तिचा फोन आला. आवाज अगदी शांत. "ताई, मी सुखरूप घरी पोचले म्हणून मेसेज आलाय." मी म्हटलं, "मग बरंय की." "मी गाडीतच हाय, ताई. सीटवर आडवी झाले होते, झोपलेल्या लेकरासारखी. मामानं गाडी घरापुढं लावली, कुलूप घातलं आन गेले जेवायला. ऊन लई हाय आत..." मी फोन तसाच अमोलच्या हातात दिला आणि दुसऱ्या फोनवरून मामांना लावला. मामा हातातला घास टाकून पळत गेले. नंतर ते मला म्हणाले, "बाई, म्या समजलो, शाळंच्या म्याडमसंगं उतरल्या आसतील. माझ्या ध्यानातच न्हाई."

शेवटचा थांबा आला की ॲप आपोआप फेरी बंद करत होतं आणि सगळ्यांच्या घरी 'पोचलं' असा मेसेज धाडत होतं. नसरीन परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता, ओढणी घामानं भिजली होती. अमोलनं तिला पाण्याचा ग्लास दिला. मग म्हणाला, "असं क्वचितच होईल, नसरीन." ती म्हणाली, "हाव. पन त्या वक्ताला आत कुनाचं तरी लेकरू आसंल." त्यानं आमच्यासमोरच शाळेला फोन लावला, सोमवारी जमणार नाही म्हणून सांगितलं. तिकडून काय उत्तर येतंय म्हणून आम्ही कान देऊन उभे. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "सावकाश करा, पण नीट करा." अमोल खुर्चीत मटकन बसला आणि हसायला लागला.

मग गाडीच्या सगळ्यात मागच्या सीटवर एक क्यूआर कोड चिकटवला. मामांनी मागपर्यंत चालत जाऊन तो मोबाइलवर घेतल्याशिवाय फेरी संपतच नाही, असं ॲप बदललं. बळीराममामा सगळ्यांत जास्त कुरकुरले. गुडघे दुखतात म्हणाले. आणि थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्यांचाच फोन आला. "बाई, मागच्या शिटाखाली येक पोरगी झोपली व्हती. तिच्या मायकडं देऊन आलोय." बास, एवढंच. मी नसरीनला सांगितलं. ती उठून गॅलरीत गेली, थोड्या वेळानं आत आली आणि विचारलं, "मेसेज आधीच गेला नव्हता ना?" मी म्हटलं, नाही. मग ती जेवायला बसली.

पुढं तिला कॅन्सर निघाला. हैदराबादच्या वाऱ्या झाल्या, केस गेले. बरं वाटलं की ती घरूनच काम करायची, नाही वाटलं तर नुसती फोन करून पोरांना छळायची. शेवटी डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. मी शेवटची भेटायला गेले ती काय बघायला मिळेल या धास्तीनंच. पण नवीन औषधानं दुखणं थांबलं होतं. पलंगावर उशीला टेकून ती मला हॉस्पिटलच्या नंबर दाखवणाऱ्या स्क्रीनची गंमत सांगत होती. एकच नंबर दोघांना, आणि दोघं भांडत डॉक्टरांच्या खोलीत. हसता हसता दमली. "आता दुखत न्हाई, ताई," डोळे मिटून म्हणाली, "लई दिवसांनी."

मातीला आमचं सगळं ऑफिस गेलं. बळीराममामा आणखी दोन ड्रायव्हरांना घेऊन आले होते. अब्बांनी विचारलं, "तुमी कुनीकडचे?" मामांनी त्यांना त्या झोपलेल्या पोरीचं सांगितलं, आणि आपण किती कुरकुरलो होतो तेही. अब्बा ऐकत राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तिनं घरी कधी सांगितलं न्हाई." मग मामांचा हात त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही.

गेल्या आठवड्यात ते पहिल्यांदा ऑफिसात आले, तिच्या वस्तू न्यायला. जिना चढून दमले होते म्हणून अमोलनं त्यांना तिच्याच खुर्चीत बसवलं. खिडकीजवळचं तिचं टेबल अजून कुणाला दिलेलं नाही. चहा येईपर्यंत अमोलनं त्यांच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं. "हे बघा अब्बा, नसरीननं तपासलेलं." त्यांच्या मोबाइलवर अक्षरं खूप मोठी केलेली, नजर कमी झालीये ना. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटा, हितं पुढं जायचं बटनच दिसंना."

अमोल वाकून बघायला गेला. पोरंही उठून गोळा झाली. मोठ्या अक्षरांमुळं बटण खरंच पडद्याच्या खाली गेलं होतं. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत सगळे मोठ्यानं हसले, इतके की खालच्या अभ्यासिकेतून कुणीतरी जिन्यात येऊन शुक् केलं. अब्बा आधी बावरले, आपलं काही चुकलं की काय म्हणून. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आनखी काय बघू?" त्यांनी विचारलं.