सातव्या डावातली उसंत

अमेरिकेतली सगळी बेसबॉल स्टेडियम बघायची मुलाला हौस, आणि त्याच्याकडे आलेले आम्ही दोघं त्याच्यामागून फिरतोय. हे चौथं. खेळ अजून कळत नाही, पायऱ्यांनी गुडघे मात्र दुखतात.

अचानक सगळे उठले. संपलं एकदाचं म्हणून मी पिशवी खांद्याला लावली, हिनं चपलेत पाय घातले. मुलगा हसला. "बाबा, सातव्या डावात सगळे अंग मोकळं करायला उठतात. इथली पद्धतच आहे."

हजारो माणसं एकदम दमल्याचं कबूल करत उभी होती. चाळीस वर्षं मी नोकरी केली, हिनं घर ओढलं. मधेच उठून दमलो म्हणायची सोय आम्हाला नव्हती.

सगळे बसले. ही उभीच.

"बस आता," मी म्हणालो.

"थांबा हो. माझं अजून व्हायचंय."