तिळाचा डबा मला दे गं!

घरात बाप्या मानूस सैपाकाला लागला का किस्से भाताच्या फेसावानी वर येतात. कितीबी झाकन दाबा, चुलीवर सांडनारच!

आमचा पोरगा रमेश अकरा वर्सं कुवेतला, लेबनानी हॉटेलात. लेबनान कुठं हाय मला इचारू नका, मी आमच्या पोशीर गावाच्या फुडं नेरळपत्तुर हुशार. औंदा तो सुट्टीवर आला. चौक गावच्या एका फार्महाऊसवाल्या बाईला तसला सैपाक करनारा मानूस पायजे व्हता. बाई रविवारी घरी येऊन खानार. पसंत पडलं तर रमेश हितंच ऱ्हानार, नायतर शुक्रवारचं इमान. तो परत जानार म्हनून सुनबाईनं बोलनंच टाकलेलं. म्हनून रोज घरात परीक्षेची तयारी!

*

पयल्या दिवशी छोलं उकडून वाटलं. वर तेलाचं तळं. त्याला हमस म्हनतात. शेजारचा नामदेव आला, बोट बुडवून चाटलं. मिरची नाय, हळद नाय, फोडनी नाय.

मला बाजूला घेऊन हळूच म्हनला, "घरात कोन आजारी हाय रं?"

*

त्या हमसात तीळ वाटून घालतात. रमेश उठला डब्याकडं, तर माझी म्हातारी आडवी! "तिळाला हात लावू नको. किती पायजे ते मी काढून देनार." रोज एक मूठ मोजून, वर डबा फळीवर.

एकदा ह्यानं तीळ वाटलं, हात धुवायला गेला, तवर म्हातारीनं त्यात गूळ ढकलला.

"आई, गूळ नसतो ह्यात!"

"तिळाला गूळ नाय? मग त्या लोकांची संक्रांत कशी व्हते रं?"

*

मग दह्याचा चक्का. रातभर फडक्यात टांगला. सकाळी रमेश मीठ, लसून, तेल घेऊन आला, तर पातेल्यात श्रीखंड तयार! साखर, येलची, समदं.

"आई, ह्याच्यात मीठ-तेल घालायचं व्हतं गं!"

"चक्क्यात तेल? त्या चक्क्यानं तुझं काय वाकडं केलं?"

मी मधी पडलो नाय. भांडन वाढू नये म्हनून गुपचूप तीन वाट्या खाऊन पुरावा संपवला.

*

एक पदार्थ द्राक्षाच्या पानात भात न् खिमा गुंडाळून करतात. पोशीरला भाताच्या पेंढ्या हाईत, द्राक्षं कुठनं आननार? रमेशनं न्हानीमागचं अळू कापलं. चिंच घातली नाय. मला ठावं व्हतं. बोललो नाय.

पयली गुंडाळी नामदेवला दिली, पावना म्हनून. त्याचा घसा असा खाजला, दोन तास मानसाच्या तोंडातनं शब्द नाय!

सांच्याला त्याची बायको वाटी घेऊन दारात. "भाऊजी, अजून हाय का वो?"

*

बाईनं येनं एक रविवार फुडं ढकललं, न् इमान तर शुक्रवारचंच. बुधवारी बोंब उठली. रमेशचा पासपोर्ट गायब!

समदे माझ्याकडं बघाया लागले. माझ्या लग्नात मी माझ्याच सासऱ्याचं धोतर लपवलेलं, गाव अजून इसरलं नाय.

"बाबा, आता मस्करी नको. द्या," रमेश म्हनला.

"तुझी शप्पथ, मी नाय घेतला!"

म्हातारी सगळ्यात मोठ्यानं. "गोवऱ्या मसनात गेल्या, तरी खोड जात नाय ह्यांची!"

मी माळा, गोठा, गाद्या समदं उलथं केलं. इमान शुक्रवारी गेलं, रमेशला न घेता. पोरगं तीन दिवस माझ्याशी बोललं नाय. ह्या घरात पयल्यांदा मी खरं बोललो व्हतो, वो!

*

रविवारी बाई आली. हमस खाल्लं, मान हालवली. चक्का खाल्ला, मान हालवली. मग गुंडाळी उचलली. ह्या टायमाला चिंच घातलेली, मीच सांगितलं.

चावता चावता थांबली. "हे द्राक्षाचं पान नाहीये."

रमेशचा चेहरा पडला. सुनबाई दाराआड.

म्हातारी म्हनली, "नाय वो बाई. आमच्या न्हानीमागचं हाय."

बाईनं एकदा म्हातारीकडं बघितलं, न् दुसरी गुंडाळी उचलली, मग तिसरी, चौथी. "पहिल्या तारखेपासून ये रे."

बाईची गाडी वळली तशी म्हातारीनं फळीवरनं डबा काढला न् रमेशच्या हातात दिला. "घे रं, आता लागतील तेवढं तीळ घे."

त्यानं डबा परातीत पालथा केला. तीळ पडलं, न् तिळावर पासपोर्ट!

म्हातारीनं पदर सावरला, माझ्याकडं बघितलं. "तुमीच ठेवलात ना वो?"

मी परातीतलं चार तीळ तोंडात टाकलं.

"व्हय," म्हनलो, "मीच!"