स्टेजवरचं दूध

स्टेजवर दूध वर येत होतं आणि स्टोव्हजवळ कोणीच नव्हतं. "अय्यो, कोणीतरी बंद करा की!" मागून एक बाई ओरडली.

मी कडेला बसले होते. विंगेत आमचे शेजारी नटीचा हात धरून उभे दिसले. नाटक त्यांनीच लिहिलेलं. सकाळी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येत. दूध वर आलं, मी स्टोव्ह बंद करायला गेले की म्हणत, "स्वल्प थांबा, अक्का," आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत. मला ते अर्धवट वाटत.

गेल्या वर्षी पहिल्याच प्रवेशात लोक उठून गेले होते. यंदाही गेले असते तर मंडळ त्यांना पुन्हा नाटक देणार नव्हतं.

दूध उतू गेलं, करपल्याचा वास सुटला. मग त्यांनी हात सोडला. नटी आली आणि पातेल्याकडे न बघता खुर्चीत बसली.

शेवटपर्यंत कोणी उठलं नाही. मीही नाही, आणि पातेलं माझं होतं.