डाव्या हाताची भाकरी

मस्तगड भागातल्या आमच्या खानावळवाल्या मावशींइतका राग एका माणसाच्या अंगात मावू शकतो, यावर त्यांना न पाहिलेल्या माणसाचा विश्वास बसायचा नाही. मी कॉलेजात शिकवायला जालन्याला आलो आणि बरीच वर्षं त्यांच्याकडे जेवलो. एक वेळ सोडली, तर तेवढ्या काळात त्या हळू आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. वरणाला उकळी उशिरा आली तर त्या वरणावर रागवत. पानात टाकलं तर रागवत, आणि सगळं संपवून उठलं तर घरी कुणी खाऊ घालत नाही का, म्हणून रागवत. एकदा जूनमध्ये टीव्हीवर पाऊस येणार म्हणून सांगणाऱ्या बाईला ‘तू कधी आल्तीस आमच्या गावाला, तीर्थपुरीला?’ असं विचारून त्यांनी टीव्ही बंद केला, तो थेट पोळ्याच्या सणालाच लागला. तरी पंगत कधी मोडली नाही. कारण कुणाला ताप आला तर खोलीवर जाऊन पेज पाजायच्या त्याच, आणि पाजता पाजता आजारी पडल्याबद्दल शिव्याही द्यायच्या.

जेवायला येणारे बहुतेक लोखंडाच्या मिलमधले कामगार. त्यातला विलास पिंपळगाव रेणुकाईचा, अबोल. मिलमध्ये तापलेली सळई उसळली आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. बोटं आखडून मुठीसारखी झाली. जखमी माणूस कामावर येईपर्यंत मिल अर्धा पगार द्यायची, त्यावर त्याचं कसंबसं चाललं होतं. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी नियम काढला, की जखम सुकली म्हणजे माणूस हलक्या कामाला लायक झाला. अर्धा पगार बंद. हलकं काम कुठलं, ते कुणी सांगेना. गेटवर गेलं की म्हणत, सध्या जागा नाही. विलाससारखे आणखी तिघे-चौघे होते. हात मिलनं घेतला, आणि काटकसर करायला पुन्हा तेच हात सापडले. आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

विलास दिवसातून एकाच वेळेला जेवायला येऊ लागला, तेव्हा मावशींनी दुसऱ्या कामगाराकडून हे सगळं काढून घेतलं. त्या नव्या मॅनेजरचा डबाही मावशींकडूनच जात असे. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन त्या स्वतःच माझ्या स्कूटरवर बसल्या. ‘सर, जल्दी चला. राग थंडा व्हायच्या आत पोचू द्या.’ मावशींचा राग थंड होईल ही भीती जगात फक्त मावशींनाच होती.

केबिनमध्ये त्यांनी डबा उघडला, शेपूची भाजी आणि ठेचा मांडला आणि आदल्या दिवशीची जाड, कडक भाकरी साहेबांपुढं ठेवली.

‘उजवा हात खिशात घाला साहेब, आन् ही मोडा.’

मॅनेजर हसले. गंमत म्हणून त्यांनी खरंच डावा हात लावला. भाकरी टेबलाच्या काचेवरून सरकली, ठेच्यात जाऊन शर्टावर आदळली. मोडली नाही. त्यांचं हसू गेलं.

‘मावशी, नियम वरून आलाय.’

‘वरून म्हंजे कुठून? हात तं खाली जळाला नं. आन् ज्याला भाकर मोडता येत न्हाई, तो कामाला बराबर झाला म्हणून तुमी सांगून राह्यले.’

दार उघडंच होतं. शिफ्ट सुटलेले कामगार बाहेर उभे राहून ऐकत होते. तोवर नोकरीच्या भीतीनं कुणी बोललं नव्हतं. त्याच आठवड्यात ते सगळे सरकारी कामगार कार्यालयात तक्रार घेऊन गेले. पुढं मावशी होत्याच. पाणी प्यायला जागा नाही म्हणून त्या तिथल्या शिपायावरही रागावून घेत होत्या. बरेच हेलपाटे झाले, पण शेवटी मिलला तो नियम मागं घ्यावा लागला. सगळ्यांचा अर्धा पगार पुन्हा सुरू झाला. आपण जिंकलो असं मी म्हणालो, तर त्या माझ्यावरच उसळल्या. ‘काय जितलो? होतं तेच परत आलं. बोटं कुठं आली?’

बोटं आली नाहीतच. या हातानं मिलचं काम पुन्हा व्हायचं नाही, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. भरपाई मिळाली आणि विलास गावी निघाला. त्याला सोडायला मावशी आणि मी स्टँडवर गेलो होतो. त्याच्या गावाकडं जाणारी भोकरदनची गाडी लागली. त्यानं पिशवी डाव्या हातानं उचलली, दांडा धरायला हात उरला नाही, तेव्हा मावशींनी पिशवी काढून घेतली आणि त्याला आधी चढू दिलं. मग ती खिडकीतून आत दिली. हाताला तेल लावत जा, एवढंच म्हणाल्या, तेही हळू.

परतताना त्या मागं गप्प बसून होत्या. मी मुद्दाम चुकीच्या गल्लीत स्कूटर घातली, मग आणखी एका. मस्तगड येईपर्यंत मी वाट पाहत होतो, पण मावशी मला रागावल्या नाहीत.