सात कुंड्या आणि कासमकडची किल्ली

कासम मुकादमने मला फसवलं. माझ्या घराची किल्ली विश्वासाने त्याच्याकडे दिली होती. त्याने मला न विचारता माझ्या सात कुंड्यांतली झाडं नेली आणि वर तोंडावर खोटं सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल मी गोडगोड लिहीन असं सगळ्यांना वाटतंय. दीड महिन्यापूर्वी दापोलीजवळच्या त्याच्या गावाहून त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. झोपेतच." शारजाला, अल नहदाच्या आमच्या हॉलमध्ये मी फोन धरून उभा होतो. समोरच्या खिडकीत त्याचीच झाडं होती... रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. तो शांतपणे गेला म्हणून आणि त्याच्या आधी मी एकदा त्याच्याकडे जाऊन आलो होतो म्हणूनही.

नव्वदच्या सुरुवातीला आम्ही दोघे अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या कामगारांच्या एकाच कॅम्पमध्ये राहायचो. सहा जणांची खोली, माझी खाट खाली आणि त्याची वर. मी चिपळूणचा, एसीच्या डक्टचा पत्रा कापायचो. तो ऑफिसांना आणि व्हिलांना भाड्याने झाडं देणाऱ्या कंपनीत माळी होता. पाण्याची बाटली अर्धी कापून तो तिच्यात कसली तरी फांदी लावायचा आणि खोलीतल्या एकमेव खिडकीत ठेवायचा, त्यावरून आमची भांडणं व्हायची, कारण मला तिथे बनियन वाळत घालायचा असे. पुढे मी नोकरी सोडली आणि स्वतःचं वर्कशॉप टाकलं. घासाघीस करून वर आलेला माणूस आहे मी. कुणी पहिला भाव सांगितला की माझं डोकं फिरतं, हे मी लपवत नाही. कासम तेव्हापासून मला 'शेठ' म्हणायला लागला. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

बायको सुनंदा आणि मुलगी केतकी इकडे आल्या, आम्ही अल नहदाला फ्लॅट भाड्याने घेतला, आणि हॉल मोकळा दिसतो म्हणून मी झाडांच्या बाजारात गेलो. विक्रेत्याने सात कुंड्यांचे अडीचशे दिरहम सांगितले, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ तीन हजार रुपये. मी दोनदा गाडीत जाऊन बसलो, दोनदा त्याने परत बोलावलं, आणि शेवटी निम्म्याहून कमीत सौदा झाला. ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे दोन डिफेनबाकिया, दोन मनीप्लांट, एक सायकस, एक कोरफड आणि फुलावर आलेली पांढरी लिली. "बच्चा, बिल्ली, सब के लिए अच्छा है, हबीबी," असं तो म्हणाला. मांजराचा विषय मी काढला होता, कारण केतकीने नुकतंच पार्किंगमधल्या एका पिकअपखालून पिल्लू उचलून आणलं होतं. भाजलेल्या पापडासारखा रंग, म्हणून नाव पापड.

दर शुक्रवारी नमाजानंतर कासम बस पकडून अबू धाबीहून आमच्याकडे जेवायला यायचा. त्या शुक्रवारी सुनंदाने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. हात धुऊन तो पाटावर बसतोय तोच त्याला पापड डिफेनबाकियाचं पान चावताना दिसला. तो ताडकन उठला, पिल्लाला उचललं, त्याचं तोंड बोटाने उघडून पाहिलं.

"शेठ, ही झाडं मांजराच्या घरात ठेवू नकोस. मी दुसरी आणून देतो."

"केवढ्याला?" मी म्हणालो.

"केवढ्याला म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या कंपनीत पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारायचे काय घेणार?"

सुनंदाने डाव खाली ठेवला. "अहो, कासमभाई काय सांगतायत ते ऐका तरी."

मी ऐकलं नाही. समोरच्याने माझ्या मालाला नाव ठेवलं की त्याला स्वतःचा खपवायचाय, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो, आणि शिकलेलं मी कासमलाही लावलं. त्याने पिल्लू खाली सोडलं. मग म्हणाला, "बरं, खलास. वहिनी, भात वाढा." पापडच्या तोंडातून दोन दिवस लाळ गळत होती. मी म्हटलं, तिसऱ्यांच्या शिंपल्याची कड लागली असेल.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोन महिने चिपळूणला गेलो. इथे सगळेच करतात तसं घराची किल्ली माणसाला देऊन गेलो. झाडांना पाणी, मांजराला खाणं, एसी चालू. माणूस म्हणजे अर्थात कासम, त्या उन्हाळ्यात त्याचं काम शारजातच होतं. परत आलो तर माझं एकही झाड नव्हतं. त्याच कुंड्यांमध्ये अरेका पाम, नेचे आणि लांब पट्टीच्या पानांचं स्पायडर प्लांट उभं. "एसी बंद पडला होता, शेठ. सगळी होरपळली," कासम म्हणाला. मी बडबड केली आणि विषय सोडला. ती नवी झाडंही ठेवली, कारण फुकट आलेली वस्तू मी फेकत नाही.

महिनाभराने मुसफ्फात वर्कशॉपजवळच्या न्हाव्याकडे खुर्चीत बसलो होतो. समोरच्या आरशात मागच्या दाराशी एक डिफेनबाकिया दिसला. त्याच्या मोडक्या खोडाला डक्टची चंदेरी टेप गुंडाळलेली होती. ती मी स्वतः गुंडाळली होती... अर्धे केस कापलेले असतानाच मी उठलो आणि थेट कॅम्पवर गेलो. खोलीत सगळे होते. सगळ्यांसमोर मी कासमला चोर म्हणालो.

"एसीचं मी खोटं बोललो," तो म्हणाला. "झाडं मी दिली. पैसे घेतले नाहीत."

"किल्ली दे."

त्याने जुडग्यातून किल्ली काढायला बराच वेळ घेतला. कडी घट्ट होती. त्यानंतर पाच वर्षं तो आमच्याकडे जेवायला आला नाही.

गेल्या वर्षी पापडच्या कानाला खाज सुटली म्हणून केतकी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात झाडं कोणती? तिने सांगितली. डॉक्टर म्हणाले, कोणी निवडली? एकूण एक मांजराला चालणारी आहेत. मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला, न चालणाऱ्यांचा. केतकी घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, तुमची जुनी झाडं त्या वॉलवर आहेत. एव्हरी सिंगल वन. ती लिली तर... पापड वुड हॅव डाइड." मी चप्पल घातली आणि गाडी काढली.

कासम त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसून सामान बांधत होता. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं होतं, कायमचा गावी निघाला होता. मी दारातच ओरडलो, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, शेठ. तू भाव विचारलास."

"मग नंतर? मी चोर म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं तर मला खोटं ठरवायला तू दुसऱ्या दिवशी तीच झाडं परत आणली असतीस." हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. मग त्याने, कपड्यांची घडी घालत, मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. माझा सौदा झाला त्याच्या आदल्या वर्षी एका व्हिलात, मालकिणीने मागितला म्हणून, त्याने सायकस ठेवला होता. तिच्या कुत्र्याने त्याच्या बिया खाल्ल्या. तीन दिवसांनी कुत्रा गेला. कासमला कोणी काही बोललं नाही, माहीत नव्हतं असं सगळे म्हणाले. "पण ठेवला मीच ना," तो म्हणाला. मग तो जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसायचा, पानं दाखवून विचारायचा. कोरफडीनेसुद्धा त्रास होतो हे त्याला तिथे कळलं. माझा डिफेनबाकिया त्याने न्हाव्याला दिला, कारण तिथे जनावर नाही. लिली मात्र कोणालाच दिली नाही. पिशवीत बांधून, गाठ मारून कचऱ्यात टाकली, गल्लीतलं मांजरही तिला लागू नये म्हणून.

मी खिशातून माझ्या घराची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली.

"मी गावी चाललोय. मला कशाला?"

"ठेव म्हणतो ना."

"केवढ्याला?" तो म्हणाला, आणि छाती धरून इतका हसला की मीच घाबरलो. मग त्याने किल्ली जुडग्यात घातली. कडी अजून घट्टच होती. त्या शुक्रवारी तो जेवायला आला. सुनंदाने तिसऱ्याच केल्या होत्या.

त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, अब्बांच्या जुडग्यात एक किल्ली आहे, कुठल्याच कुलपाला लागत नाही. मी म्हटलं, राहू दे तशीच.

आत्ता मी हे लिहितोय तेव्हा पापड खिडकीत चढून स्पायडर प्लांटची पट्टी चावतोय. आता सुस्त झालाय, हिरड्यांच्या दुखण्याने दात दोनच उरलेत. चावेल, फार तर गालिच्यावर ओकेल, आणि झोपेल. मी त्याला हाकलत नाही. त्याच्याकडे बघितलं की जीव थंड होतो. पण कासम, एक गोष्ट मी सोडणार नाही. तू मला पाच वर्षं तुला चोर म्हणू दिलंस. पाच वर्षं शुक्रवारी आमच्याकडे तुझ्या वाटणीचा भात उरला. तू कॅम्पवर एकटा जेवलास, आणि मी माझ्या हॉलमध्ये, तू लावलेल्या झाडांपुढे बसून, तुला शिव्या देत जेवलो. मी ऐकलं नसतं, मान्य. तरी दुसऱ्यांदा सांगायचं होतंस, तिसऱ्यांदा सांगायचं होतंस, माझी कॉलर धरून सांगायचं होतंस. आपल्या दोघांचे एवढे शुक्रवार तू कोणाला विचारून सोडून दिलेस? बोल, कासम. याचा जाब तू मला द्यायला हवास.